प्रकरण नववे : तळीवरचा हात

“आत गेलं की माणसांचे चेहरे आठवायचे नाहीत, राजू. कागद वाचायचा. निळ्यावर एक बटण, पांढऱ्यावर एक, पिवळ्यावर एक. तिन्ही झाल्याशिवाय लांब आवाज येत नाही, आणि आवाज आल्याशिवाय तिथून हलायचं नाही.”

रामहरी मास्तर हे सांगत होते तेव्हा भिंगारच्या घरातल्या खाटेवर उठून बसण्याइतकीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. सरपंच थेट लोकांनी निवडायचा, ते त्यांच्या लेकीच्या, राजेश्वरीच्या, सासरी करंजओढ्यात पहिलंच साल. तीस वर्षं मतदान केंद्रांवर अधिकारी म्हणून बसलेला तो माणूस उशीच्या अभ्र्यावर बोटानं तीन बटणं दाबून दाखवत होता. सरपंचाचा कागद निळा, वॉर्डातल्या खुल्या जागेचा पांढरा, ओबीसी जागेचा पिवळा. कुणीच पसंत नसेल तर शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असतं. पण मधेच सोडून यायचं नाही, म्हणाले. अर्धवट मत आणि अर्धवट पूजा, दोन्ही कुणाच्या कामाची नाहीत.

पाच वर्षं झाली त्याला. मास्तर गेले. पण शनिवारी दुपारी, मतदानाच्या आदल्या दिवशी, हौदाजवळ बसून चिंचेनं देवाची भांडी घासताना राजेश्वरीच्या कानात तो आवाज पुन्हा पुन्हा येत होता. करंजओढ्याच्या शाळेत यंत्रं घेऊन जीप आल्याचं कुणीतरी सांगून गेलं होतं. प्रचाराचे भोंगे कालपासून बंद होते. गाव कसं कान टवकारून बसल्यासारखं झालं होतं.

पडवीतून सासऱ्यांची हाक आली तशी ती समई तशीच ओली घेऊन उठली.

सहादेवरावांनी घरची सगळी माणसं बोलावली होती. बाकड्यावर ते स्वतः, शेजारी खांबाला टेकून रंगनाथ. वॉर्ड तीनमधून पांढऱ्या कागदावर दुसऱ्यांदा उभा असलेला हा त्यांचा मुलगा आणि राजेश्वरीचा नवरा; पंधरा दिवसांत घसा पार बसलेला. मालनबाई, तिच्या सासूबाई, तुरीच्या शेंगा सोलत उंबऱ्यात बसलेल्या. आणि कणगीच्या आडोशाला गोधडी पांघरून बनुकाकू. सहादेवरावांच्या धाकट्या भावाची ही विधवा. काचबिंदूनं दोन्ही डोळे जाऊन तिला आता बारा वर्षं होत आली होती. लेक सासरी, मुलगा नाही. एकवेळ जेवायचं, पहाटे हरिपाठ म्हणायचा आणि दिवसभर हाताला येईल ते निवडत बसायचं, असा तिचा नेम.

सहादेवरावांनी सकाळच्या बेताची उजळणी केली. साडेसातला केंद्र उघडतं. जीप दारात उभी राहील. घरची नऊ मतं पहिल्या तासात यंत्रात पडली पाहिजेत, कारण उन्हं चढली की माणसं रांगेत कुजबुजतात आणि कुजबुजीत मतं फिरतात. मागच्या वेळी काय झालं ते त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. वास्तविक ते कुणीच विसरलं नव्हतं. रंगनाथला दोनशे चार, समोरच्या गहिनीनाथला दोनशे चार. तहसीलमध्ये ईश्वरचिठ्ठी काढावी लागली. चिठ्ठी रंगनाथची निघाली, आणि त्या दिवसापासून सहादेवराव रंगनाथला खंडोबानं निवडून दिलं असंच म्हणत.

“या टायमाला देवाला तरास द्यायचा न्हाई,” ते म्हणाले. “आन बनुबाईला मी घिऊन जाईन. रंगा उमेदवार हाय, त्याला शाळेम्होरं उभं ऱ्हावं लागंल.”

दर वेळी, मागच्या खेपेला स्वतः उभा असतानाही, काकूला रंगनाथ नेई. पडद्याआड तिच्या शेजारी उभा राही, तिच्या वतीनं बटणं दाबी आणि दोन मिनिटांत तिला बाहेर घेऊन येई. काकूनं कधी काही विचारलं नव्हतं. म्हणून आज गोधडीच्या घडीतून आवाज आला तेव्हा सगळ्यांना क्षणभर कळलंच नाही कोण बोललं.

थोरल्या दिराशी काकू थेट बोलत नसे. ती मालनबाईंकडे तोंड करून म्हणाली, “आक्का, दादांना सांगा. मी सूनबाईसंगं जाईन.”

मालनबाईंनी ते सांगण्याची गरज नव्हती. तीन हातांवर बसलेल्या सहादेवरावांनी ऐकलंच होतं. तरी रीत म्हणून त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, का.

“मला यंदा माझं मत द्यायचं हाय,” काकू म्हणाली. “चाळीस वर्सं झाली नाव यादीत हाय. आदी मालक सांगायचे तिथं शिक्का मारायची. मग डोळे गेले, मग रंगा दाबायचा. कुनाला दिलं, मला ठावं न्हाई.”

रंगनाथ हसला. राग आला की तो आधी हसायचा. काकू, मी काय परका आहे का, असं काहीतरी तो म्हणाला. सहादेवराव मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे, जणू विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलावं तसं सांगितलं की आता तो विषयच उरलेला नाही. बनुबाईनं चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलली आहे. त्या तळीत बेल होता. घरातलं एकूण एक मत रंगनाथला, असं त्यांनी तळी उचलताना देवाला सांगितलं होतं, आणि हात सगळ्यांचे होते.

“बेलभंडार उचलल्यालं माघारी घेता येत न्हाई,” ते म्हणाले. “ह्ये तिला माझ्यापरीस जास्त कळतं.”

काकूचा चेहरा पडला. या घराण्यात बेलभंडाराची शपथ मोडणं म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको होतं. माणसं कोर्टात खोटं बोलली असतील, पण भंडाऱ्यावर हात ठेवून नाही. तिनं आपला उजवा हात समोर धरला, जणू तो दिसतच होता, आणि बोटं एकमेकांवर घासली.

“म्या तर देवाची तळी उचलली,” ती हळूच म्हणाली. “मला कोन कायच बोललं न्हाई.”

राजेश्वरीच्या हातातली समई अजून ओलीच होती. तिला तो दिवस लख्ख दिसला. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, ताम्हणात खोबरं नि भंडारा; पुरुषांनी तळी उचलायची आणि बायकांनी मागून हात लावायचा, ही या घरची पद्धत. डोळे गेल्यापासून काकूला तळीला कुणी बोलावत नसे, उगाच कुणाचा धक्का लागायचा म्हणून. त्या सकाळी सहादेवराव गोठ्यापाशी आले आणि राजेश्वरीला म्हणाले, काकूचा हात तळीवर असू दे, एवढं बघ. तिनं ताम्हणात पाहिलं. एरवी नसतो तो बेल तिथं ठेवलेला होता. तिला समजलं. समजूनही तिनं काकूला धरून आणलं, तिचा हाडकुळा हात ताम्हणाच्या काठाला लावला. आणि काकू किती हरखली होती. बारा वर्षांनी देवानं बोलावलं, असं दिवसभर ज्याला त्याला सांगत होती.

महिना होत आला त्याला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावताना राजेश्वरीचे हात जोडले जायचे, पण मागायला शब्द सुचत नव्हता. तो का, ते तिला आज कळलं.

ती समई खाली ठेवून काकूपाशी जाऊन बसली.

“काकू, मला माहीत होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज कधीच मोठा नसे. या घरात तिला दोनदा बोलल्याशिवाय कुणी ऐकत नसे. पण आता सगळ्यांनी ऐकलं. “बेल मी पाहिला होता. मामंजींच्या मनात काय आहे ते मला कळलं होतं. तरी मी तुमचा हात तळीवर ठेवला. पाप असेल तर ते माझं आहे. तुम्ही काही कबूल केलेलं नाही.”

रंगनाथनं बायकोकडे असं पाहिलं, की ही कुठल्या गावची.

बोलल्या त्या मालनबाई. शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सारलं. एकावन्न वर्षांच्या संसारात नवऱ्याला चारचौघांत त्यांनी उलट उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि आताही त्यांनी ते नवऱ्याला दिलंच नाही, कणगीला दिलं. “माजा बी हात हुता तळीवर,” त्या म्हणाल्या. “येळकोट तेवढा ऐकला म्या. बाकी ह्ये काय पुटपुटले, देवाला तरी ऐकू गेलं का न्हाई कुनास ठावं.”

रंगनाथला हसू आलं आणि या वेळी ते खरं होतं. सहादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा ते लगेच मावळलं.

सहादेवराव वाईट माणूस नव्हते. भाऊ गेल्यावर त्याच्या बायकोला त्यांनी कधी वेगळं काढलं नाही, तिच्या लेकीचं लग्न आपल्या लेकीसारखं लावलं. पण घरातलं धान्य जसं एका कणगीत, तशी घरातली मतंही एका जागी, यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्यामुळे आता त्यांना राग आला त्याहून जास्त नवल वाटलं. घरातलं माणूस घरातल्या उमेदवाराला सोडून मत कसं देणार, असं त्यांनी मोठ्यानं स्वतःलाच विचारलं.

काकूनं या वेळी मालनबाईंकडे तोंड वळवलं नाही. जिकडून आवाज येत होता तिकडंच, डोक्यावरचा पदर सावरून ती म्हणाली, “दादा, आंधळी मी हाय. देव न्हाई. माजा हात कुनी आन कशापायी धरला, ते त्यानं बगितलंय.”

सहादेवरावांनी मग दुसरं टोक धरलं. ठीक आहे, म्हणाले, पण सोबत मीच जाणार. त्यावर राजेश्वरीनं, खाली पाहतच, मास्तरांनी सांगितलेलं सगळं एकेक करून सांगितलं. दिसत नसलेल्या मतदाराला सोबती नेता येतो. तो अठरा वर्षांच्या वरचा हवा. पण सोबती कोण, हे घर ठरवत नाही; तिथला अधिकारी मतदारालाच विचारतो. एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. आणि त्याला कागदावर सही करून द्यावी लागते, की मत मतदार सांगेल तसंच दिलं जाईल आणि ते कुणापाशी बोललं जाणार नाही.

“मास्तराची लेक,” सहादेवराव कडवटपणे म्हणाले. “आन पडद्याआड काय दाबलं, कोन बगायला येतंय?”

“कुणीच नाही, मामंजी,” राजेश्वरी म्हणाली. “म्हणून तर सही घेतात.”

त्यावर सहादेवराव उठले आणि चपला न घालताच अंगणात गेले. बैठक मोडली.

दिवेलागणीला तुळशीपुढचा दिवा लावून राजेश्वरी काकूच्या खोलीत गेली. थंडीनं काकूच्या टाचा फुटल्या होत्या. कोकम तेलाचा गोळा वाटीत पातळ करून ती चोळायला बसली. मग काकूनं विचारलं, कागद किती असतात. राजेश्वरीनं सांगितलं. कुठल्या कागदावर कोण उभं आहे, कुणाची कुठली निशाणी, सगळी नावं तिनं वरपासून खालपर्यंत म्हटली. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा आवाज बदलू नये याची तिनं काळजी घेतली. काकूनं दोनदा म्हणवून घेतली.

निळ्यावर कुणाला मत द्यायचं ते काकूनं सांगितलं. पिवळ्यावर कोण तेही. मग थांबली.

“पांढऱ्यावर गहिनीनाथ,” काकू म्हणाली.

राजेश्वरीचा हात टाचेवर थांबला.

“रंगा माजं लेकरू हाय,” काकू म्हणाली. “त्याच्यावर राग न्हाई. पन पाच वर्सं मेंबर हुता. नळ रस्त्याच्या पल्याड बसावला. उसाच्या ट्राल्या चालूच असत्यात, मला देवापुरतं तांब्याभर पानी आनाया येत न्हाई. येकदा तरी इचारायचं, काकू, तुला काय पायजे? का इचारावं? माजं मत त्याच्या खिशातच की. गहिनीनाथ आला हुता. त्यानं इचारलं.”

“काकू, मी घरातून आणून देते ना पाणी.”

“देतीस. म्हनूनच तुला सांगते. मला माज्या हातानं आनायचं हाय.”

बाहेर दुधाच्या किटल्या वाजल्या. राजेश्वरीनं पदरानं हात पुसले. दोनशे चार आणि दोनशे चार, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. एका मतानं काय होतं, असं दुसऱ्या कुठल्याही घरात म्हणता आलं असतं. या घरात नाही.

“तुला जमायचं नसंल तर आत्ताच सांग,” काकू म्हणाली. “तिथं जाऊन हात थरथरायला नगं. मग मी जातच न्हाई.”

“नाही,” राजेश्वरी म्हणाली. “तुम्ही जायचं. तुम्ही सांगितलंत तेच बटण मी दाबीन. लांब आवाज तुम्हाला ऐकवीन. आणि मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही.” काकूनं हात पुढे केला. राजेश्वरीनं तो आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

रंगनाथ गोठ्याच्या दाराशी उभा होता. ती बाहेर येताच म्हणाला, एका अर्थी बरंच झालं, तू सोबत आहेस, म्हणजे घरचंच माणूस. त्याला वाटलं होतं, पडवीतलं सगळं वडिलांची खोड मोडायला होतं. तिला खोटं बोलता आलं असतं. गप्प राहता आलं असतं, आणि तेही खोटंच झालं असतं.

“काकू सांगतील तेच दाबणार आहे मी,” ती म्हणाली. “आणि काय दाबलं ते तुम्हालाही सांगणार नाही.”

“माझ्या विरोधात असलं तरी?”

“तरी.”

त्यानं घसा खाकरला. आवाज फुटत नव्हता, म्हणून बोलणं पुटपुटल्यासारखं आलं. “दोनशे चारची गोष्ट विसरलीस तू.”

“नाही विसरले. त्यातलं एक मत काकूंनी दिलेलंच नव्हतं. ते नसतं तर चिठ्ठीच निघाली नसती.” हे ती पाच वर्षांत पहिल्यांदाच बोलली होती. बोलल्यावर तिला वाटलं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. किटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिला.

“हरलो तर?”

“हरलात तर घरी याल. मी ताट वाढीन.”

तो दूध घालायला डेअरीवर गेला. जेवायलाही उशिरा आला, आणि पाठ करून झोपला.

रविवारी राजेश्वरी नेहमीच्या वेळेला उठली. आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. चहा सगळ्यांना दिला, स्वतः घेतला नाही. मत पडेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही असं तिनं कुणाला न सांगता ठरवलं होतं. सहादेवराव बाकड्यावर पेपर धरून बसले होते. पेपर कालचा होता. जीप दारात आली तशी मालनबाईंनी काकूचं आधार कार्ड आणि मतदानाची चिठ्ठी राजेश्वरीच्या हातात दिली, आणि जाता जाता, नवऱ्याकडे पाठ करून, हलक्या आवाजात विचारलं, “काय गं, पांढऱ्या कागदावर रंगाबिगर दुसरी बी नावं असत्यात व्हय?”

“असतात, आत्याबाई. पाच आहेत.”

“पाच,” मालनबाई म्हणाल्या, आणि विचार करत आत गेल्या.

काकूला जीप नको होती. घरच्या जीपमधून गेलं की मत घरचं होतं, असं तिनं पहाटे हरिपाठ झाल्यावर सांगून टाकलं होतं. ती नवं इरकल नेसून, कपाळाला बुक्का लावून उंबऱ्यापाशी उभी होती. तेवढ्यात रंगनाथ आला. पांढरा सदरा, दाढी केलेली, रात्रभर झोप नसल्यासारखे डोळे. राजेश्वरी पुढे झाली, तर त्यानं तिला हातानंच थांबवलं. मग वाकून त्यानं काकूच्या पायांना हात लावला, आणि तिथंच, उकिडवा बसूनच, बसलेल्या आवाजात म्हणाला, “काकू, मी पांढऱ्या कागदावर उभा हाय. तुमचं मत मागायला आलोय.”

बाकड्यावर पेपर फडफडला.

काकूनं खाली हात नेला, त्याचं डोकं चाचपलं, कानामागून बोटं फिरवली, लहानपणी न्हाऊ घालताना फिरवायची तशी. “आज मागितलंस,” ती म्हणाली. “लई बरं वाटलं, रंगा.” आणि क्षणभर थांबून, “नळाचं ध्यानात ठिव. निवडून आलास तरी, न्हाई आलास तरी.”

रंगनाथ उठला. त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. बाजूला झाला आणि वाट मोकळी केली.

आता काकूचं मन बदललं असेल, असं राजेश्वरीला वाटलं. तसं व्हावं असंही वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. काकूनं तिच्या दंडाला विळखा घातला होता. फाटकाबाहेर पडल्यावर, घर मागं राहिल्यावर, काकूनं तोंड तिच्या कानाशी आणलं.

“काल सांगितलं त्ये ध्यानात हाय न्हवं?”

“आहे.”

“त्येच.”

राजेश्वरीनं कनवटीला खोचलेली चिठ्ठी एकदा चाचपली, पदर डोक्यावरून घेतला आणि काकूच्या पावलांना जमेल अशा बेतानं शाळेच्या वाटेला लागली.